केळीच्या आवारात मोठी गाडी रिव्हर्स लावायची आहे – जाणकारांनी सांगावं

केळीबाग

नमस्कार मंडळी. फैजपूर-सावदा पट्ट्यात आमचं केळीचं छोटं पॅकिंग हाऊस आहे. आजवर दिल्ली-पंजाबकडे जाणाऱ्या दहा टायर, बारा टायर गाड्याच भरायचो. यंदापासून आखातात जाणारा मालही आमच्याकडून निघतो, म्हणून चाळीस फुटी रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर येऊ लागलेत.

आवार असं आहे: रस्त्याकडच्या फाटकातून गाडी आत आली की डाव्या हाताला शेड आणि माल चढवायचा धक्का. उजव्या हाताला कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून कडुनिंब. शेडच्या टोकाला फण्या धुवायच्या टाक्या. गाडी पाठीमागून धक्क्याला लावावी लागते.

परवा एका ट्रेलरने भिंतीचा कोपरा उडवला. भिंत पुन्हा बांधता येईल. पण त्याच वेळी टाकीवरच्या दोन बाया क्रेट घेऊन शेडकडे निघाल्या होत्या आणि ड्रायव्हरला त्या दिसल्याच नाहीत. त्याला मी दोष देत नाही. आमचीच पाच माणसं पाच बाजूंनी ओरडत होती, त्यात रीफरच्या जनरेटरचा आवाज.

गाडी नीट आणि कोणाला धक्का न लागता मागे लागावी यासाठी आम्ही आवारवाल्यांनी काय करायचं आणि ड्रायव्हरकडून काय अपेक्षा ठेवायची? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

तापीकाठचा

आमच्याकडची पद्धत: "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." धाड! "बस्स!"

---

दहा टायर

तापीकाठचा भाऊ, हसलो, पण हेच खरं होतं बऱ्याच ठिकाणी.

केळीबाग भाऊ, मी धुळ्याचा. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रोड जिथे एकमेकांना भेटतात तिथे वाढलो, स्टेअरिंगवरच आयुष्य गेलं. उस्तादाने अहिराणीत एकच शिकवलं होतं: "खाले उतर, मांगे देख, मंग गाडी ले." बाकी सगळं त्याच्या नंतरचं.

खाली उतरून काय बघायचं ते सांगतो, कारण नुसता फेरा मारून येण्यात अर्थ नाही. आधी वर बघायचं. विजेची तार, झाडाची फांदी, शेडचा पत्रा. कंटेनर ट्रेलरवर चढला की त्याची उंची शेडच्या पत्र्याला भिडते. मग जमीन. चाक जिथून जाणार तिथे मोरीचं झाकण आहे का, चारी आहे का, पाऊस पडून काळी माती फुगली आहे का. आपली काळी जमीन वरून वाळलेली दिसते आणि आत लोणी असते, लोड गाडीचं मागचं चाक बसलं की क्रेन बोलवा. मग माणसं. कोण कुठे काम करतंय, लेकरं कुठे खेळतायत, कोणाची मोटारसायकल कुठे उभी आहे. आणि शेवटी धक्क्याला पाठ करून उभं राहायचं आणि आपल्याच गाडीकडे बघायचं. तिथून कळतं गाडी कोणत्या कोनात यायला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या देशात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून शेपूट नेहमी उजवीकडे वळवून आत घ्यायचं. धक्का उजव्या हाताला ठेवून पुढे निघून जायचं, तोंड डावीकडे काढायचं आणि मग मागे यायचं. म्हणजे मागचा कोपरा आणि चाक खिडकीतून, आरशातून पूर्ण वेळ दिसतं. क्लीनर साइडने म्हणजे डावीकडे वळवून घेतली तर मागचा डावा कोपरा आरशातून निघून जातो आणि तुम्ही अंदाजावर चालता. तुमच्या आवारात धक्का डाव्या हाताला आहे, म्हणजे येणारी प्रत्येक गाडी आंधळ्या बाजूने घुसते. भिंत उडाली ती त्याच्यामुळे.

मागे घेताना रेस द्यायची नाही. रिव्हर्स गिअरवर गाडी स्वतःच्या चालीने येते तेवढी पुरे. दोन्ही काचा खाली, टेप बंद, फोन बंद. आणि दोन्ही आरसे. शेपूट उजवीकडे वळतं तेव्हा गाडीचं तोंड डावीकडे फेकलं जातं, आणि केबिनचा डावा कोपरा हीच सर्वात कमी दिसणारी जागा. मागे बघता बघता पुढचा बंपर कोणाच्या गाडीला लागला, हे नेहमीचं आहे.

कोन चुकला तर थांबायचं, पुढे घ्यायची, सरळ करायची, परत यायचं. हमाल हसले तर हसू द्या.

---

गिरणाकाठ

दहा टायर दादांना +१. फक्त एक मुद्दा पटत नाही. "उतरून बघा" हे ड्रायव्हरच्या गळ्यात घालून आपण मोकळे होतो. आमच्याकडे जिनिंगला कापूस येतो. हौदाच्या वर आणि बाजूंनी कापूस फुगलेला, ताडपत्री रश्श्याने आवळलेली. आरशात कापूस सोडून काही दिसत नाही. ड्रायव्हर उतरून बघून परत वर चढेपर्यंत मागे चार माणसं येऊन उभी राहतात.

आणि क्लीनर आता असतो कुठे? भाडं परवडत नाही म्हणून बहुतेक गाड्यांवर एकटा ड्रायव्हर. पूर्वी क्लीनर ही शाळा होती. पोरगं आधी गाडीच्या मागे उभं राहायला शिकायचं, मग कधीतरी स्टेअरिंगला हात लागायचा. ती साखळीच तुटली. म्हणून मी म्हणतो, मागचा माणूस आवाराने द्यायचा. जिनिंगवाल्याने, बाजार समितीने, पॅकिंग हाऊसवाल्याने. रोज तोच माणूस, रोज त्याच जागेवर. त्याला त्या आवारातला प्रत्येक खड्डा माहीत असतो. बाहेरून, तेही पहिल्यांदाच आलेल्या ड्रायव्हरला तो कसा माहीत असणार?

---

दहा टायर

गिरणाकाठ भाऊ, माणूस द्या, फार बरं होईल. पण गाडी माझ्या पायाखाली आहे. मागच्याने "येऊ द्या" म्हटलं म्हणून मी आलो, हे पंचनाम्यात चालत नाही आणि माझ्या मनालाही चालत नाही. माणूस असला तरी मी उतरणार.

---

भुसावळ जंक्शन

आमचं क्षेत्र रेल्वेचं, पण हा विषय अगदी ओळखीचा. यार्डात शंटिंग करताना इंजिनवाल्याला मागचं टोक दिसतच नाही. तिथे नियम साधा आहे: हातवारे करणारा शंटर दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. तो कुठे गेला याचा अंदाज बांधायचा नाही. खुणा एकाच माणसाच्या घ्यायच्या. दुसरा कितीही ओरडो, त्याच्या ओरडण्यावर गाडी पुढे सरकणार नाही. "थांबा" मात्र कोणीही म्हटलं तरी थांबायचं.

केळीबाग, तुमची पाच माणसं पाच बाजूंनी ओरडत होती. चौघांना टाकीकडे पाठवा आणि कोणी त्या वाटेने येणार नाही एवढं बघायला सांगा. पाचवा ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा उभा राहू दे. गाडीच्या मागे सरळ रेषेत कधीच उभा राहायला नको, बाजूला, ड्रायव्हर साइडला. त्याला ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत असेल तर ड्रायव्हरलाही तो दिसतो.

---

लाल परी

एसटीतही हेच. वाहकाने खाली उतरायचं, मागे जायचं, शिट्टीवर गाडी मागे घ्यायची. स्टँडवर तर गाडी फलाटाला तोंड करून लागते आणि रोज मागेच काढावी लागते. मागे प्रवासी, पिशव्या, शेंगदाणेवाले, धावत गाडी पकडणारे. शिट्टीचा फायदा असा की गर्दीतही ती वेगळी कळते. माणसाचा आवाज गोंगाटात बुडतो. तुमच्या रीफरजवळ शिट्टी ऐकू येईल असं वाटतं, तरी भुसावळ जंक्शन म्हणतात तसे हातवारे हवेतच.

खुणा गाडी हलायच्या आधी ठरवा. आमच्याकडे कोणी हात हलवून "या" म्हणतो आणि तोच हात हलवून दुसरा "नको" म्हणतो. दोन्ही हात वर करून मुठी आवळल्या की थांबा, एवढी एक जरी पक्की केली तरी चालेल.

---

नवी गाडी

एवढं सगळं कशाला? मागे कॅमेरा आणि सेन्सर बसवून घ्या, केबिनमध्ये स्क्रीन. काम तमाम. आता कारमध्येही रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झालेत.

---

मिरची पथारी

नवी गाडी, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण आमच्या नंदुरबारला या आणि पथारीवर कॅमेरा किती वेळ चालतो ते बघा. ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरलेली असते आणि वाळलेल्या मिरचीची धूळ अशी उडते की माणसाला श्वास घेता येत नाही. काचेवर थर बसतो. स्क्रीनवर सगळं तांबूस, धूसर.

पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहायला बसले. आमच्या बाया मिरची निवडायला जमिनीवर बसतात. डोक्याला, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, मान खाली, आजूबाजूला मिरचीचे ढीग. पोती भरायला ट्रक मागे येतो तेव्हा ती बाई फाळक्याच्या खाली असते. आरशात दिसत नाही, खिडकीतून दिसत नाही, आणि तोंड-कान बांधलेले असल्याने तिला गाडीचा आवाजही उशिरा कळतो. उभ्या माणसाचा विचार सगळे करतात, बसलेल्याचा कोणी करत नाही.

मी तिथे मुकादमीन म्हणून काम बघते. मी एक शिस्त लावली. गाडी फाटकात आली की आधी काम थांबतं. बाया उठतात, एका बाजूला सावलीत जातात, पाणी पितात. मी सगळ्या मोजते. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय ड्रायव्हरला हात दाखवत नाही. सुरुवातीला व्यापारी चिडले, वेळ जातो म्हणून. मी म्हटलं, दादा, मिरची कुठे पळून जात नाही. आता तेच दुसऱ्या पथारीवर सांगतात.

केळीबाग दादा, तुमच्या टाकीवरच्या बायांना क्रेट घेऊन त्या वाटेने जावंच लागतं का? टाकी आणि शेड यांच्यामधून गाडी जात असेल तर तुमचा खरा घोटाळा तिथे आहे.

---

केळीबाग

ताई, तुम्ही बरोबर नस पकडली. वाट तीच आहे. यावर विचार करतो.

---

नियमावली

कायद्याच्या बाजूने थोडं. १९८९ च्या रस्ते नियमांत स्पष्ट होतं की मागे घेतल्याने कोणाला धोका किंवा विनाकारण त्रास होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय वाहन मागे घ्यायचं नाही, आणि वळवण्यापुरतं लागेल त्यापेक्षा जास्त अंतर मागे जायचं नाही. त्यातून फक्त रोड रोलरला सूट. पुढे २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे चालन विनियम आले. लायसनच्या चाचणीतही अरुंद जागेत उजवीकडे किंवा डावीकडे वळवून गाडी ताब्यात ठेवून मागे घेणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बघायचं असतं.

मापंही लक्षात ठेवा. मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते आणि आरसे त्याच्या बाहेर. अखंड ट्रकची लांबी १२ मीटरपर्यंत. कंटेनर स्वतः ४० फूट, म्हणजे १२ मीटरच्या वरच, पुढे घोडा (ओढणारी केबिनची गाडी) वेगळा.

---

तापीकाठचा

रोड रोलरला सूट होती हे वाचून बरं वाटलं. आमच्या गावच्या रस्त्यावर तो मागेपुढेच दिसतो, रस्ता काही पुढे जात नाही.

---

ट्रॉलीवाला

ट्रेलरबद्दल कोणी बोललंच नाही अजून. दहा टायर आणि ट्रेलर यांची चाल उलटी आहे. अखंड ट्रकमध्ये स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे. ट्रेलरमध्ये शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टेअरिंग आधी डावीकडे, आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच उजवीकडे फिरवून त्याच्या मागे मागे जायचं. नाहीतर घोडा आणि ट्रेलर चाकूसारखे मिटतात आणि केबिनचा कोपरा कंटेनरला लागतो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे ट्रॅक्टरमुळे माहीत असतं. दोन चाकी ट्रॉली मागे घेणारी पोरं गावोगाव आहेत. ती फार पटकन वळते, चाळीस फुटी सावकाश वळते, म्हणून एका अर्थी लांब ट्रेलर सोपा, चूक सुधारायला वेळ मिळतो. चार चाकी ट्रॉली मात्र मागे घेणं म्हणजे दोन सांध्यांचा खेळ. तिथे भलेभले हात टेकतात आणि ट्रॉली सोडून हाताने ढकलतात.

नवशिक्याला युक्ती: हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. शेपूट ज्या बाजूला हवं त्या बाजूला हात सरकवायचा. उलटसुलट विचार करावाच लागत नाही.

---

दहा टायर

ट्रॉलीवाला भाऊंचं खालून धरायचं एकदम बरोबर. मीही नव्या पोरांना तेच सांगतो. आणि आरशाचं एक राहिलं: बाहेरगोल छोट्या आरशात जास्त जागा दिसते, पण त्यात वस्तू असते त्यापेक्षा लांब वाटते. जागा मोकळी आहे का हे त्यात बघा, अंतर मोठ्या सपाट आरशात बघा.

---

खान्देशी खवय्या

विषय जड चाललाय म्हणून विचारतो, गाडी लागल्यावर ड्रायव्हरला जेवायला काय देता? आमच्या भागात शेवभाजी आणि भाकरी दिली तर तो पुढच्या वेळीही तुमचंच भाडं घेईल.

---

गिरणाकाठ

खवय्या, हे विषयाबाहेरचं नाही हो. रात्रभर गाडी चालवून माणूस पहाटे आवारात येतो, डोळे लाल, आणि आपण त्याला लगेच म्हणतो "लाव मागे, माल तयार आहे". आधी पाणी, चहा, तोंड धुवायला जागा. तेवढ्या वेळात तो आवार डोळ्याखालून घालतो आणि उजाडतंही. अंधारात मागे घेणं टाळता येत असेल तर टाळावंच. हिवाळ्यात धुक्याची दुलई पडते तेव्हा तर नक्कीच. वांग्याचं भरीत मात्र गाडी लागल्यावर, आधी दिलं तर तो झोपेल.

---

सातपुडा

आवार आणि गोदामांची आखणी हे माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दहा टायर दादांनी मूळ रोग सांगितलाय. आपल्याकडे गाड्यांनी शेडभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायला हवं, म्हणजे शेड सतत ड्रायव्हरच्या उजव्या हाताला राहते आणि रिव्हर्स आपोआप त्याच्या दिसण्याच्या बाजूने होतो. तुमच्याकडे शेताच्या बाजूला दुसरं फाटक आहे का? असेल तर गाडी तिकडून आत घ्या आणि रस्त्याकडच्या फाटकाने बाहेर काढा. भिंत न पाडता अर्धा प्रश्न सुटेल.

धक्क्यासमोर गाडीच्या लांबीच्या दुप्पट तरी मोकळी, पक्की जागा हवी. नसेल तर ट्रेलर सरळ होऊच शकत नाही, तिरका लागतो आणि मग हमाल फटीत पाय घालतात.

मिरची पथारी ताईंचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. माणसांची वाट आणि गाडीची वाट एकमेकींना कापू नये. टाकी हलवता येत नसेल तर टाकीपासून शेडच्या दुसऱ्या तोंडापर्यंत रेलिंग लावून वाट काढा. नुसती दोरी बांधली तर लोक तिच्याखालून जातात.

गाडी धक्क्याला टेकल्यावरचंही लिहितो, कारण त्यानंतरही माणसं दगावतात. हँडब्रेक, गाडी बंद, चाकांना लाकडी ठोकळे, आणि किल्ली शेडमधल्या माणसाकडे. हमाल आत असताना गाडी पुढे सरकली तर फळी निसटते. माल भरून दार लागेपर्यंत किल्ली परत द्यायची नाही.

---

ट्रॉलीवाला

कंटेनरचं दार! धक्क्याला लागायच्या आधी थोडं अंतर ठेवून थांबायचं, दारं उघडून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून हुकात अडकवायची, मगच शेवटचं अंतर. एकदा टेकली की दार उघडायला जागाच उरत नाही. दारं उघडायला मागे गेलेला माणूस ड्रायव्हरच्या समोर येऊन "झालं" म्हणेपर्यंत गाडी हलवायची नाही.

---

नवी गाडी

मिरची पथारी ताई, मान्य. कॅमेऱ्याने माणसाची जागा घेतली असं मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिताना तसंच उमटलं. तरी रात्री आणि एकट्या ड्रायव्हरला त्याचा उपयोग होतो, फक्त प्रत्येक वेळी मागे घेण्याआधी काच पुसायची. उतरायचंच आहे तर खिशात फडकं ठेवा.

---

मिरची पथारी

हे झकास. उतरणं आलंच त्यात. 🙂

---

केळीबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी समोर बसवून सांगितलं नसतं.

काय केलं ते लिहितो. शेताकडे फाटक होतं, ट्रॅक्टरपुरतं. ते रुंद करून घेतलं, तिथल्या चारीवर मोठा पाईप टाकून वर मुरूम दाबला. आता गाडी शेताकडून येते, धक्का उजव्या हाताला पडतो. काल कंटेनर आला. ड्रायव्हरला आधी चहा दिला, तो स्वतःच उतरून फिरला, कडुनिंबाची एक फांदी दाखवून म्हणाला ही काढा. काढली. मागे एकच माणूस, शिट्टी आणि हात. टाकीवरच्या बाया मोजून शेडच्या पलीकडे बसवल्या. गाडी एकदा पुढे घेऊन सरळ केली आणि लागली. बायांसाठी रेलिंगचं काम वेल्डरकडे दिलंय, तोवर गाडी हलत असताना टाकी बंद.

एक विचारायचं राहिलं. जमिनीवर रेषा आखल्या तर फायदा होतो का? आणि कुठून कुठपर्यंत?

---

दहा टायर

होतो, फार होतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना रेषा, आणि त्या धक्क्याजवळ थांबवू नका. ट्रेलर जिथे सरळ व्हायला लागतो तिथपर्यंत पुढे ओढा, म्हणजे आरशात चाक आणि रेष एकत्र दिसतात. दोन रेषांमध्ये साडेतीन मीटर ठेवा, आरसे आणि माणूस दोघांना जागा मिळेल. उजवीकडची रेष जास्त जाड मारा, ड्रायव्हर तिच्यावरच चालतो.

---

केळीबाग

चुन्याने मारल्या तर?

---

सातपुडा

चुना पहिल्या पावसात जाईल आणि टाकीचं पाणी तर रोजच वाहतं. आधी काँक्रीट वाळू द्या, धूळ झाडून घ्या, मग रस्त्यावर पट्टे मारतात तो रंग वापरा. मुरमाच्या भागात रंग धरत नाही, तिथे पांढरे रंगवलेले दगड जमिनीच्या पातळीत गाडा. वर ठेवू नका, टायर फाडतील.